अननुभव एकाचा, किंमत राष्ट्राची

३१ ऑक्टोबर १९८४ रोजी सकाळी दिल्लीत पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्यावर त्यांच्याच अंगरक्षकांनी गोळ्या झाडल्या, तेव्हा त्यांचे पुत्र राजीव गांधी पक्षकार्यासाठी पश्चिम बंगालच्या दौऱ्यावर होते. ते घाईने दिल्लीस परतले आणि त्याच दिवशी संध्याकाळी राष्ट्रपती भवनात त्यांनी पंतप्रधानपदाची शपथ घेतली. तेव्हा त्यांचे वय होते चाळीस वर्षांचे. लोकसभेवर निवडून येऊन जेमतेम तीन वर्षे झाली होती आणि पक्षाचे सरचिटणीसपद लाभून दोन वर्षेही पुरी झाली नव्हती. त्यापूर्वी ते कधी मंत्री नव्हते, उपमंत्री नव्हते, विधानसभेचे सदस्य नव्हते, एखाद्या नगरपालिकेचे कामही त्यांनी पाहिलेले नव्हते. १९८० च्या जून महिन्यात विमान अपघातात धाकट्या भावाचा मृत्यू झाला नसता, तर ते बहुधा राजकारणात आलेही नसते. सत्तेची हाव धरून सिंहासनाकडे धावलेला हा मनुष्य नव्हता, हे त्यांच्या विरोधकांनीही मान्य केले पाहिजे.

या घटनेला चार दशके उलटून गेली आहेत. त्या संध्याकाळपासून २१ मे १९९१ च्या श्रीपेरुम्बुदूर येथील त्या भीषण रात्रीपर्यंतचा काळ आज शांतपणे न्याहाळता येतो. या साडेसहा वर्षांत देशाने ज्या शोकांतिका पाहिल्या त्यांचे एक सोपे स्पष्टीकरण नेहमी दिले जाते. ते असे की, बिचारा सज्जन होता, पण अननुभवी होता. हे स्पष्टीकरण ऐकायला सहानुभूतीचे वाटते. परंतु ते अपुरे आहे, आणि अपुरे असल्यामुळेच ते धोक्याचेही आहे. एका माणसाचा अननुभव ही त्याची खासगी उणीव असते. ती उणीव राष्ट्राची आपत्ती केव्हा होते, हा खरा प्रश्न आहे. आणि या प्रश्नाचे उत्तर शोधताना त्या अननुभवी माणसापेक्षा त्याच्या भोवती उभ्या असलेल्या अनुभवी माणसांकडे अधिक निरखून पाहावे लागते.

दोन मृत्यू आणि एक प्रघात

१९८४ पूर्वी या देशाचे दोन पंतप्रधान पदावर असताना निधन पावले होते. २७ मे १९६४ रोजी पंडित नेहरू गेले. त्या धक्क्याची तीव्रता सांगायला नको. तरीही ज्येष्ठ मंत्री म्हणून गुलझारीलाल नंदा यांच्याकडे हंगामी सूत्रे देण्यात आली, काँग्रेसचे अध्यक्ष कामराज यांनी पक्षातील खासदारांचा व नेत्यांचा कौल घेतला आणि मग लालबहादूर शास्त्री यांची निवड झाली. ११ जानेवारी १९६६ रोजी ताश्कंद येथे शास्त्रीजी गेले. पुन्हा नंदाच हंगामी पंतप्रधान झाले. या खेपेस तर संसदीय पक्षात रीतसर मतदान झाले. इंदिरा गांधी यांना ३५५ आणि मोरारजी देसाई यांना १६९ मते पडली. युद्ध नुकतेच संपलेले, दुष्काळ दाराशी, आणि तरीही कोणी असे म्हटले नाही की आता मतदानाला वेळ कुठे आहे?

असा हा प्रघात पडलेला होता. तो कुठल्या कायद्याच्या पुस्तकात नव्हता. पण दोन मोठ्या संकटांतून तावून सुलाखून निघालेला होता. १९८४ साली तो काही तासांत मोडला. हंगामी पंतप्रधान नेमला गेला नाही, संसदीय पक्षाला विचारण्याइतकाही अवधी घेतला गेला नाही. पक्षाच्या संसदीय मंडळातील दिल्लीत हजर असलेल्या मोजक्या मंडळींनी निर्णय घेतला आणि तो राष्ट्रपतींना कळविला. त्या क्षणी देशात पोकळी राहू नये, ही चिंता खोटी नव्हती. परंतु चार दिवसांची हंगामी व्यवस्था म्हणजे पोकळी नव्हे, हे १९६४ आणि १९६६ ने दाखवून दिलेलेच होते. दुःखाच्या भरात आणि पुढील निवडणुकीच्या हिशेबात पक्षाने स्वतःचीच शिकवण बाजूला सारली. अननुभवी माणूस पंतप्रधान झाला हे विशेष नाही. तो होताना कोणालाही एक प्रश्न विचारावासा वाटला नाही, हे विशेष आहे.

राजीव गांधी इंडियन एअरलाइन्समध्ये दशकभराहून अधिक काळ वैमानिक होते. त्या व्यवसायाचा एक दंडक आहे. उड्डाणाचे ठरावीक तास नोंदले गेल्याशिवाय, आणि सहवैमानिक म्हणून शेजारच्या आसनावर बसून उमेदवारी केल्याशिवाय, कोणालाही मुख्य वैमानिकाच्या आसनावर बसवीत नाहीत. मग तो कोणाचाही मुलगा असो. शंभर प्रवाशांच्या जिवासाठी जी काळजी आपण घेतो ती सत्तर कोटी माणसांच्या देशासाठी घेण्याचे कोणास सुचले नाही.

गृहमंत्री अननुभवी नव्हते

शपथविधी झाला त्या रात्रीपासूनच दिल्लीत शिखांवर हल्ल्यांना सुरुवात झाली. १ नोव्हेंबरपासून पुढील तीन दिवस राजधानीच्या वस्त्यांतून जे घडले ते फाळणीनंतर त्या शहराने पाहिले नव्हते. त्रिलोकपुरी, मंगोलपुरी, सुलतानपुरी ही नावे त्या दिवसांपासून काळवंडली. नंतर नेमलेल्या आहुजा समितीने एकट्या दिल्लीतील मृतांचा आकडा २,७३३ असा ठरविला. लष्कर परिणामकारकपणे रस्त्यांवर उतरेपर्यंत बहुतेक हत्या होऊन गेल्या होत्या.

येथे ‘अननुभव’ हे स्पष्टीकरण लावून पाहावे. पंतप्रधान नवखे होते, मातृशोकात होते, हे खरे. परंतु दिल्लीचे पोलीस ज्या केंद्रीय गृहखात्याच्या अखत्यारीत होते त्या खात्याचे मंत्री पी. व्ही. नरसिंह राव होते. आंध्रचे मुख्यमंत्रिपद, त्यानंतर केंद्रात परराष्ट्रखाते, एवढा दीर्घ कारभार त्यांनी पाहिलेला होता. १९७१ च्या युद्धात ढाक्यात पाकिस्तानी सेनेची शरणागती स्वीकारणारे लेफ्टनंट जनरल जगजितसिंग अरोरा, तसेच इंद्रकुमार गुजराल यांच्यासारखी माणसे त्या दिवसांत त्यांना भेटली आणि लष्कर ताबडतोब बोलवावे, असे त्यांनी विनविले. ज्या सेनानीने देशाला सर्वांत मोठा विजय मिळवून दिला त्याच्यावर राजधानीत आपल्या समाजाच्या जिवासाठी अर्ज करीत फिरण्याची पाळी यावी, आणि तरीही शासनयंत्रणा हलू नये, याला अननुभव कसे म्हणायचे? नायब राज्यपाल, पोलीस आयुक्त, गृहसचिव यांपैकी कोणीही नवशिका नव्हता. दंगल कशी आवरतात हे या सर्वांना ठाऊक होते. ठाऊक असूनही ते थांबले, आणि वरून इशारा येण्याची वाट पाहत राहिले. ज्ञान होते, ते वापरण्याचे धैर्य नव्हते.

१९ नोव्हेंबरला बोट क्लबवरील सभेत नव्या पंतप्रधानांनी, मोठा वृक्ष कोसळला की भोवतालची जमीन हादरते, अशा आशयाचे उद्गार काढले. ते पुढे त्यांना आयुष्यभर चिकटले. असे वाक्य एखाद्या शोकाकुल मुलाच्या तोंडून निघू शकते. पंतप्रधानाच्या तोंडून ते निघता कामा नये, हा फरक सांगणारा एकही माणूस त्यांच्याजवळ नव्हता काय? चौकशीसाठी मिश्रा आयोग नेमण्यास पुढच्या वर्षाचा एप्रिल उजाडला. संसदेत पंतप्रधानाने या हत्यांबद्दल शिखांची व देशाची क्षमा मागितली ती ऑगस्ट २००५ मध्ये, आणि ती मागणारे होते मनमोहन सिंग. सज्जनकुमार या माजी खासदारास दिल्ली उच्च न्यायालयाने जन्मठेप दिली ती डिसेंबर २०१८ मध्ये. हत्येपासून शिक्षेपर्यंत चौतीस वर्षे! एवढा विलंब काही एका माणसाच्या नवखेपणातून होत नसतो.

साठविलेला अनुभव

एका माणसाला सर्व अनुभव असूच शकत नाही. नेहरूंना युद्धाचा अनुभव नव्हता आणि शास्त्रींना परराष्ट्रनीतीचा नव्हता. म्हणूनच लोकशाहीने मंत्रिमंडळ, संसद, सचिवालय, न्यायालय, पक्षाची कार्यकारिणी अशा संस्था उभारल्या. संस्था म्हणजे राष्ट्राने पिढ्यान्‌पिढ्या साठविलेला अनुभव होय. कचेरीतला एखादा अव्वल कारकून फाइलीवर जेव्हा ‘पूर्वी असे केले असता अमुक अडचण आली होती’ अशी टिपणी लिहितो, तेव्हा तो त्या साठ्यातलीच एक ओंजळ साहेबापुढे ठेवीत असतो. साहेब कालच बदलून आला असेल; परंतु फाइल जुनी आहे. टिपणी वाचणारा साहेब नवा असूनही चुकत नाही. टिपणी लिहिणाऱ्याला दटावणारा साहेब जुना असूनही खड्ड्यात जातो.

याचे उत्तम उदाहरण आपल्या घरचेच आहे. नोव्हेंबर १९६२ मध्ये चीनपुढे झालेल्या मानहानीनंतर यशवंतराव चव्हाण यांना मुंबईहून दिल्लीस बोलावून संरक्षणखाते देण्यात आले. हिमालयाच्या हाकेला सह्याद्री धावला, असे आपण अभिमानाने म्हणतो; परंतु त्या वेळी सह्याद्रीला सेनेची काय माहिती होती? यशवंतराव केंद्रात कधी मंत्री नव्हते, युद्धशास्त्राशी त्यांचा संबंध नव्हता. त्यांनी पहिली गोष्ट केली ती ही की, तिन्ही सेनांचे प्रमुख आणि खात्याचे सचिव यांच्याशी रोज सकाळी एकत्र बसण्याचा पायंडा पाडला. आदल्या मंत्र्याच्या कारकिर्दीत ज्या सेनाधिकाऱ्यांचा शब्द खाली पडत होता त्यांचे म्हणणे ऐकून घेतले जाऊ लागले. पराभवाची चौकशी झाली. तिचा सारांश त्यांनी संसदेपुढे ठेवला. १ सप्टेंबर १९६५ रोजी छांब विभागात पाकिस्तानी रणगाडे घुसले, तेव्हा हवाईदल वापरण्याची परवानगी त्यांनी त्याच दिवशी दिली. अननुभवी माणूस तीन वर्षांत कणखर संरक्षणमंत्री कसा झाला, याचे रहस्य एवढेच की, आपल्याला काय कळत नाही हे त्याला कळत होते आणि ते विचारण्यात त्याला कमीपणा वाटत नव्हता.

आपल्या इतिहासात आणखी मागे गेलो तर बारभाईंचे कारस्थान आठवते. नारायणराव पेशव्यांच्या खुनानंतर १७७४ मध्ये पेशवाईची वस्त्रे ज्याला मिळाली तो सवाई माधवराव चाळीस दिवसांचे तान्हे बाळ होते. याहून अधिक अननुभव तो कोणता असणार? तरीही नाना फडणीस, सखारामबापू, हरिपंत फडके अशा मंडळींनी एकत्र बसून कारभार चालविला, इंग्रजांशी युद्ध निभावले आणि १७८२ च्या सालबाईच्या तहापर्यंत राज्य सावरून धरले. बारभाईंत हेवेदावे नव्हते असे नाही. पण एकमेकांना अडविणारी, एकमेकांचे चुकते आहे असे सांगणारी माणसे तेथे होती. मसनदीवर तान्हे मूल असूनही राज्य टिकले, ते त्यामुळे.

जेथे ऐकले तेथे साधले

राजीव गांधी यांच्या कारकिर्दीतही हे दोन्ही प्रकार दिसतात, आणि न्यायाने पाहणाऱ्याने दोन्ही सांगितले पाहिजेत. डिसेंबर १९८४ च्या निवडणुकीत लोकसभेच्या चारशेहून अधिक जागा त्यांच्या पक्षाला मिळाल्या. एवढे बहुमत नेहरूंनाही मिळालेले नव्हते. महिन्याभरात त्यांनी पक्षांतराला आळा घालणारी घटनादुरुस्ती विरोधकांशी विचारविनिमय करून संमत करून घेतली. मतदाराचे वय एकवीसवरून अठरावर आणले. पंचायत राज्याला घटनेत स्थान देण्याचे त्यांचे विधेयक ऑक्टोबर १९८९ मध्ये राज्यसभेत पडले. परंतु पुढे त्र्याहत्तराव्या व चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीला त्यातूनच वाट मिळाली.

आसाम आणि मिझोरमचे करार विशेष लक्षात ठेवण्याजोगे आहेत. १५ ऑगस्ट १९८५ च्या आसाम करारावर आणि ३० जून १९८६ च्या मिझो करारावर केंद्रातर्फे सही करणारे गृहसचिव राम प्रधान होते. हेच प्रधान १९६२ नंतरच्या काळात संरक्षणमंत्री यशवंतरावांचे खासगी सचिव होते. ज्याने एका अननुभवी मंत्र्याला शिकताना जवळून पाहिले होते असा हा अधिकारी. मिझो करार तर त्यांच्या सेवानिवृत्तीच्या दिवशी झाला. वीस वर्षांचे बंड त्याने संपविले आणि तो आजही टिकून आहे. पंतप्रधान तेच होते, वय तेच होते, अनुभवही तेवढाच होता. फरक एवढाच की येथे जाणत्या माणसाला पुढे बसू दिले होते, वाटाघाटीला वेळ दिला होता आणि ज्यांच्याशी तंटा होता त्यांनाच सहीसाठी समोर बसविले होते.

जेथे डावलले तेथे फसले

शहाबानो प्रकरण याच्या उलट गेले. २३ एप्रिल १९८५ रोजी सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींच्या पीठाने एका वृद्ध घटस्फोटित स्त्रीला दरमहा १७९ रुपये २० पैसे पोटगी मान्य केली. महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नव्हता. हमीद दलवाई यांनी १९६६ सालीच सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा मुंबईत विधानसभेवर नेला होता. ऑगस्ट १९८५ मध्ये राज्यमंत्री आरिफ मोहम्मद खान यांनी लोकसभेत या निकालाचे समर्थन केले. काही महिन्यांतच त्याच सरकारातील दुसरे मंत्री झेड. आर. अन्सारी यांनी त्याच सभागृहात त्याच निकालावर कडाडून टीका केली. सरकारचे मत कोणते, हे सरकारलाच ठाऊक नव्हते. अखेर मतपेटीच्या भीतीने निकाल निष्प्रभ करू पाहणारा कायदा मे १९८६ मध्ये झाला. आरिफ मोहम्मद खान यांनी त्याआधीच राजीनामा दिला होता.

दरम्यान, १ फेब्रुवारी १९८६ रोजी फैजाबादच्या जिल्हा न्यायालयाच्या आदेशाने अयोध्येतील वादग्रस्त वास्तूचे कुलूप उघडले गेले. आदेश होताच तासाभरात त्याची अंमलबजावणी झाली आणि दूरदर्शनचा कॅमेराही तेथे हजर होता. यात पंतप्रधानांचा स्वतःचा वाटा किती, याबद्दल त्यांच्या निकटवर्तीयांतही एकवाक्यता नाही. पण लोकांनी दोन्ही गोष्टी एकत्र वाचल्या. एका बाजूला गमावलेले दुसऱ्या बाजूला भरून काढायचे, असा हिशेब ज्या सल्लागारांनी मांडला असेल ते वयाने आणि राजकारणाने पिकलेले होते, कोवळे नव्हते. त्या वाटेने देश ६ डिसेंबर १९९२ पर्यंत कसा पोहोचला आणि त्यानंतरच्या दोन महिन्यांत मुंबईने काय भोगले, हे आपल्यापैकी अनेकांनी डोळ्यांनी पाहिले आहे. तो सारा दोष १९८६ वर टाकणे अन्यायाचे होईल. पण त्या वाटेवरचा मैलाचा दगड तेथे रोवलेला आहे, हे नाकारता येणार नाही.

तिसरी शोकांतिका लंकेतली. जानेवारी १९८७ मध्ये, भर पत्रकार परिषदेत, लवकरच नवा परराष्ट्र सचिव तुमच्याशी बोलेल, असे पंतप्रधानांनी सांगून टाकले. तत्कालीन सचिव ए. पी. व्यंकटेश्वरन त्याच सभागृहात बसले होते. त्यांनी राजीनामा दिला. एका अधिकाऱ्याच्या मानापमानापुरती ही गोष्ट नव्हती. विरोधी टिपणी लिहिण्याची किंमत काय असते, हा धडा त्या दिवशी सगळ्या सचिवालयाला मिळाला. त्यानंतर सहा महिन्यांनी, २९ जुलै १९८७ रोजी, कोलंबोत राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांच्याबरोबर करार झाला. तेव्हा परराष्ट्रखाते पंतप्रधानांच्याच हाती होते. ज्यांनी शस्त्रे खाली ठेवावयाची होती त्या ‘लिट्टे’ची या करारावर सही नव्हती. दुसऱ्याच दिवशी मानवंदना स्वीकारताना एका सिंहली नौसैनिकाने बंदुकीच्या दस्त्याचा तडाखा पंतप्रधानांवर हाणला. सिंहली आणि तमिळ या दोन्ही बाजूंना करार नकोसा आहे, याची याहून स्पष्ट सूचना कोणती हवी होती?

शांतता राखण्यासाठी गेलेली सेना १० ऑक्टोबरपासून लढू लागली. त्याच आठवड्यात जाफना विद्यापीठाच्या मैदानावर हेलिकॉप्टरमधून शीख लाइट इन्फंट्रीची तीस जवानांची तुकडी उतरली. एक वगळता सारे तेथेच पडले. तीन वर्षांपूर्वी दिल्लीत ज्यांच्या जातभाईंना गळ्यात पेटते टायर टाकून मारले गेले होते ते हे जवान. २५ नोव्हेंबरला महार रेजिमेंटच्या आठव्या पलटणीचे मेजर रामस्वामी परमेश्वरन, जन्माने मुंबईकर, छातीत गोळी लागल्यावरही लढत राहून धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. मार्च १९९० मध्ये सेना परतली तोवर सुमारे बाराशे जवान मरण पावले होते. त्यांचे स्मारक श्रीलंकेत कोट्टे येथे आहे. ज्या राजकीय निर्णयासाठी ते मेले त्याची फाइल मात्र कोणी जनतेपुढे उघडून ठेवली नाही. आणि त्याच संघर्षाने १९९१ मध्ये श्रीपेरुम्बुदूरला त्या निर्णयाच्या कर्त्याचाही घास घेतला. तेव्हा त्यांचे वय होते अवघे सेहेचाळीस वर्षांचे.

मुरलेल्यांचा अपराध

येथे कोणी म्हणेल की, अनुभवी माणसांच्या हातून शोकांतिका घडल्याच नाहीत काय? अवश्य घडल्या. १९६२ साली नेहरू पंधरा वर्षे पंतप्रधान होते. १९७५ ची आणीबाणी आणि १९८४ ची अमृतसरची कारवाई या अनुभवी पंतप्रधानांच्याच काळातल्या. म्हणजेच वर्षे मोजून अनुभव ठरत नाही. विरोधी शब्द ऐकून घेण्याची सवय ज्याला राहिली आहे तो अनुभवी. ज्याची ती सवय सुटली तो वीस वर्षे पदावर असला तरी पहिल्या दिवसाइतकाच नवखा. राजीव गांधी यांचे दुर्दैव असे की, त्यांना ही सवय लागण्यापूर्वीच ती अनावश्यक वाटावी एवढे प्रचंड बहुमत मिळाले. प्रणव मुखर्जी यांच्यासारखा मुरलेला मंत्री निवडणुकीनंतर लगेच मंत्रिमंडळातून वगळला गेला. जे उरले त्यांनी त्यावरून योग्य तो बोध घेतला आणि मौन धरले.

डिसेंबर १९८५ मध्ये मुंबईत काँग्रेसच्या शताब्दी अधिवेशनात, ज्या शहरात आपण जन्मलो त्याच शहरात, राजीव गांधी यांनी पक्षातील सत्तेच्या दलालांवर जे कोरडे ओढले ते आठवतात. निदान अचूक होते. परंतु १९७२ नंतर पक्षांतर्गत निवडणुकाच झाल्या नव्हत्या आणि त्यांच्या कारकिर्दीतही त्या झाल्या नाहीत. त्या दिवशी दलालांनीही टाळ्या वाजविल्या असतील. कारण नेता वरून नेमला जातो तेथे त्याला सत्य सांगणारा खालून वर येण्याची वाटच बंद होते.

हा रोग एका पक्षाचा राहिलेला नाही. नेता निधन पावला की त्याच्या पत्नीला, मुलाला, मुलीला रिकामी जागा देण्याचा परिपाठ आज जवळपास सर्व पक्षांनी स्वीकारला आहे. महाराष्ट्रात तर अशा पोटनिवडणुकीत विरोधकांनी उमेदवारच देऊ नये, हा सुसंस्कृतपणा मानला जातो. शोकाचा मान राखावा. पण मत ही शोकपत्रिका नव्हे. नव्या, तरुण माणसांनी राजकारणात यावे, तेवढेच त्याचे रक्त ताजे राहील. त्यांच्या वयाला भिण्याचे कारण नाही. भिण्याचे कारण आहे ते त्यांच्या भोवतालच्या माना डोलावणाऱ्या मुरलेल्यांचे.

वर्गात नागरिकशास्त्र शिकविणाऱ्या शिक्षकाने, फाइलीवर खरी टिपणी लिहावी की साहेबाला रुचेल ती लिहावी या पेचात सापडलेल्या कारकुनाने, आणि प्रथमच मतदान करणाऱ्या अठरा वर्षांच्या विद्यार्थ्याने म्हणून उमेदवाराचे वय आणि आडनाव विचारण्याऐवजी एवढेच विचारावे, की याला ‘नाही, साहेब, हे चुकते आहे’ असे तोंडावर सांगणारा माणूस याच्या शेजारी बसतो काय, आणि तसे सांगितल्यावर दुसऱ्या दिवशीही तो त्याच खुर्चीवर दिसतो काय? ज्या संध्याकाळी हा प्रश्न राष्ट्रपती भवनात कोणी विचारला नाही, तिचे मोल त्रिलोकपुरीच्या गल्ल्यांत आणि जाफन्याच्या मैदानावर चुकते करावे लागले. आणि चुकते करणाऱ्यांपैकी एकालाही त्या संध्याकाळी कोणी काही विचारले नव्हते.